विदेशी पैसा आणि निवडणूक : एफसीआरएच्या काही ओळींवर भाष्य

तुळजापुरात ग्रामविकास शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर 'एफसीआरए', म्हणजे विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, हे नाव लवकरच पडते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे इथले आवार १९८६ पासूनचे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बाहेरून मदत आली, संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या कार्यकर्त्यांना हा कायदा हिशेबाच्या वहीतून ठाऊक झाला. नोंदणीची मुदत कधी संपते, खाते कोणत्या शाखेत आहे, वार्षिक विवरण भरले का, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. त्यामुळे तुझाही समज असाच असणार की हा स्वयंसेवी संस्थांचा कायदा आहे. तो समज आधी बाजूला ठेव. संस्थांची नोंदणी या कायद्यात कलम ११ मध्ये येते. निवडणूक, आमदार-खासदार आणि राजकीय पक्ष कलम ३ मध्येच येतात. कायदा ज्या क्रमाने बोलतो त्या क्रमालाही अर्थ असतो.

त्या क्रमाला इतिहास आहे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परदेशी पैसा वापरला गेल्याचा संशय संसदेत मांडला गेला. तेव्हा गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. गुप्तचर विभागाने चौकशी केली, पण तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. पुढे आणीबाणीत पहिला विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम झाला. तो ५ ऑगस्ट १९७६ रोजी अमलात आला. ही तारीख लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. आज चालतो तो २०१० चा कायदा. त्याला २६ सप्टेंबर २०१० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ मे २०११ पासून तो लागू झाला. मूळ मजकूर इंग्रजी आहे. खाली त्याचा आशय माझ्या मराठीत देतो आणि ओळीओळीने पुढे जातो.

मूळ, कलम ३(१) : पुढील व्यक्तींनी विदेशी अंशदान स्वीकारू नये : (क) निवडणुकीतील उमेदवार …

'स्वीकारू नये' हे क्रियापद घट्ट धर. सगळा भार त्याच्यावर आहे. मनाई घेणाऱ्याला आहे. देणाऱ्याचे नाव या वाक्यात नाही. याचा अर्थ कोणी परदेशी माणूस पैसा घेऊन आला आणि इथल्या कोणीच हात पुढे केला नाही, तर या ओळीपुरता गुन्हा घडलेला नाही. हा मुद्दा अमेरिकेच्या उदाहरणाने पुढे उलगडेल.

आता 'उमेदवार'. कायदा म्हणतो, विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी रीतसर नामनिर्देशित झालेली व्यक्ती. म्हणजे अर्ज भरण्याआधीचा 'इच्छुक' या शब्दात येत नाही. नवरात्रात भाविकांच्या स्वागताच्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो झळकतो तो भावी आमदार अजून इच्छुकच असतो. मग त्याला विदेशी पैसा घ्यायला मोकळीक आहे का? समाधान असे : तो पक्षाचा पदाधिकारी असेल तर खंड (ङ) त्याला पकडतो. आधीच सदस्य असेल तर खंड (घ) पकडतो. दोन्ही नसेल, म्हणजे अपक्ष नवखा असेल, तर अर्ज भरेपर्यंतचा काळ या कलमाबाहेर राहतो. ही फट लहान नाही. खर्चाचा मोठा भाग अर्ज भरण्याआधीच होतो हे तालुक्यातला कोणताही कार्यकर्ता सांगेल.

'विधिमंडळ' या शब्दाने फसू नकोस. आपण तो मुंबईच्या विधानभवनासाठी वापरतो. या कायद्याच्या व्याख्येत मात्र संसद आणि विधानसभा तर आहेतच, शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मधली पंचायत आणि २४३त मधली नगरपालिकाही आहे. याचा अर्थ तुळजापूर नगरपरिषदेचा उमेदवार, तालुक्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीचा सदस्य आणि दिल्लीतला खासदार या कलमापुढे एका रांगेत उभे आहेत. २०१० च्या व्याख्येने गावपातळीही नावानिशी धरली आहे, एवढे ध्यानात ठेव.

मूळ, पुढील खंड : वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, न्यायाधीश, सरकारी नोकर, विधिमंडळाचा सदस्य, राजकीय पक्ष व त्याचा पदाधिकारी, राजकीय स्वरूपाची संघटना …

ही यादी भराभर वाचून चालेल, एक नाव सोडून : 'राजकीय स्वरूपाची संघटना'. अशी संघटना कोणती हे केंद्र सरकार कलम ५ खाली ठरवते. नियमात एक कसोटी होती : बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेलभरो अशा मार्गांनी सार्वजनिक प्रश्नांना पाठिंबा देणारी संघटना. मराठवाड्यात पाण्यासाठी, पीकविम्यासाठी रास्ता रोको न केलेली शेतकरी संघटना शोधून सापडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० च्या निकालात या नियमाचा अर्थ आखडता घेतला : पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली, सनदशीर मार्गाने विरोध नोंदवणारी संघटना केवळ रास्ता रोको केल्याने राजकीय ठरत नाही. इंडियन सोशल अॅक्शन फोरमच्या याचिकेवरचा हा निकाल. क्षेत्रकार्याला निघण्याआधी तो वाचून जा.

मूळ, कलम ४(ङ) : नातेवाइकाकडून आलेले अंशदान कलम ३ ला अपवाद.

इथे शंका येईल. न्यू जर्सीत स्थायिक झालेला मराठी माणूस गावच्या सरपंचपदाच्या उमेदवाराला पैसे पाठवतो. चालेल का? उत्तर त्याच्या पासपोर्टवर ठरते. तो अजून भारतीय नागरिक असेल तर तो विदेशी स्रोत नाहीच. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर, हाती ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याच्या दृष्टीने तो विदेशी नागरिक आहे. मग एकच वाट उरते, नात्याची. 'नातेवाईक' कोण हे कंपनी कायद्याच्या व्याख्येवरून ठरते. त्यात भाऊ येतो, पुतण्या येत नाही. म्हणजे सख्ख्या भावाने पाठवलेला डॉलर वैध आणि पुतण्याने पाठवलेला अवैध. आपल्या घरांत पुतण्याला मुलगाच मानतात, पण कायद्याची नाती आपल्या नात्यांपेक्षा तोकडी आहेत.

मूळ, कलम २(१)(ज) : विदेशी अंशदान म्हणजे विदेशी स्रोताने दिलेली वस्तू, चलन किंवा रोखा.

तीनच नावे : वस्तू, चलन, रोखा. चलन भारतीय असो वा परदेशी, दोन्ही धरले आहे. याचा अर्थ नोट रुपयाची आहे म्हणून सुटका नाही, ती कोणाच्या हातून आली एवढेच पाहायचे. आता माहितीचे काय? सेवेचे काय?

इथे अमेरिकेकडे वळले पाहिजे. तिथला कायदा परकीयाला निवडणुकीसाठी पैसा किंवा 'मूल्य असलेली अन्य गोष्ट' द्यायला मनाई करतो. इतकेच नव्हे, स्वतः खर्च करायलाही मनाई करतो. म्हणजे तिथे देणाराही थेट बांधलेला आहे. २०१६ च्या निवडणुकीत हे दोन्ही शब्द कसाला लागले. सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीने अमेरिकन नागरिकांचे खोटे मुखवटे चढवून समाजमाध्यमांवर प्रचार केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये विशेष अधिवक्ता रॉबर्ट म्युलर यांनी १३ रशियन व्यक्ती आणि ३ संस्थांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. त्या खर्चातला रुपयाही कोणत्या उमेदवाराच्या खात्यात जायची गरज नव्हती. दुसरे प्रकरण ९ जून २०१६ चे. न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये ट्रम्प यांच्या प्रचारातील प्रमुख माणसे एका रशियन वकील महिलेला भेटली, कारण हिलरी क्लिंटन यांना अडचणीत आणणारी माहिती मिळेल असे आधी सांगण्यात आले होते. माहिती ही 'मूल्य असलेली गोष्ट' ठरते का? म्युलर यांनी हा प्रश्न अहवालात तपासला. जाणूनबुजून कायदा मोडल्याचे सिद्ध करणे आणि त्या माहितीची किंमत ठरवणे, या दोन्ही अडचणी सांगून त्यांनी खटला भरला नाही.

आता हीच दोन उदाहरणे आपल्या ओळीवर ठेवून पाहा. पहिल्यात परदेशी माणूस स्वतः खर्च करतो, इथला कोणी स्वीकारत नाही. आपले कलम ३ मुके राहते. दुसऱ्यात माहिती दिली जाते. पेन ड्राइव्हमधून दिली तर पेन ड्राइव्ह ही वस्तू आहे असा युक्तिवाद तरी करता येईल. ईमेलने दिली तर वस्तू नाही, चलन नाही, रोखाही नाही. कोणी म्हणेल, 'वस्तू' या शब्दाचा अर्थ विस्ताराने घ्यावा. मला ते पटत नाही. हा शिक्षेचा कायदा आहे, आणि शिक्षेच्या कायद्यातला शब्द आरोपीच्या विरुद्ध ताणायचा नसतो. म्हणून निर्णय असा : आपला कायदा १९७६ च्या भीतीसाठी, म्हणजे पैशाच्या पिशवीसाठी लिहिलेला आहे. प्रचाराच्या यंत्रासाठी तो लिहिलेला नाही.

मूळ, कलम २(१)(ज), स्पष्टीकरण १ : विदेशी स्रोताकडून मिळालेले, थेट किंवा एक वा अधिक व्यक्तींमार्फत, पुढे कोणी दिले तर तेही विदेशी अंशदान मानले जाईल.

'एक वा अधिक व्यक्तींमार्फत' हे शब्द मोलाचे आहेत. पैसा चार हातांतून फिरला तरी त्याचे मूळ पुसले जात नाही. ही ओळ पुढच्या वादात लागेल.

मूळ, कलम २(१)(ञ) : विदेशी स्रोतात समाविष्ट : परराष्ट्राचे सरकार, आंतरराष्ट्रीय संस्था, मात्र संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी वगळून, विदेशी कंपनी …, (सहा) अशी भारतीय कंपनी जिच्या भागभांडवलाच्या दर्शनी मूल्याचा निम्म्याहून अधिक भाग विदेशी सरकार, विदेशी नागरिक किंवा विदेशात स्थापन झालेल्या कंपन्यांकडे आहे …

जागतिक बँकेचा अपवाद आधी. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाला या बँकेचे कर्ज होते. परदेशातून आलेला प्रत्येक पैसा या कायद्यात 'विदेशी' नसतो, हे या जिल्ह्यात राहून विसरू नकोस.

आता उपखंड सहा. सगळ्या प्रकरणाचा कणा हाच. कंपनी भारतात नोंदलेली, कामगार भारतीय, नफा इथल्या मातीतला, तरी निम्म्याहून अधिक भाग परकीयांचे असतील तर ती विदेशी स्रोत. निम्म्याहून अधिक का? कारण तितक्या भागांनी मालकाचे मत निर्णायक होते. कंपनी कोणाला देणगी देणार हे मालक ठरवतो. कायद्याने नोंदणीच्या दाखल्यामागचा माणूस पाहिला.

याची कसोटी गोव्याच्या खाणीवर लागली. सेसा गोवा ही लोहखनिजाची जुनी कंपनी. जपानच्या मित्सुईकडचे तिचे निम्म्याहून अधिक भाग २००७ मध्ये लंडनच्या वेदान्त रिसोर्सेसने घेतले. स्टरलाइट इंडस्ट्रीजही वेदान्तच्याच ताब्यात होती. या समूहाच्या कंपन्यांकडून काँग्रेस आणि भाजप, दोघांनीही देणग्या घेतल्या होत्या. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स आणि निवृत्त सनदी अधिकारी ई. ए. एस. सर्मा दिल्ली उच्च न्यायालयात गेले. प्रतिपक्षाचा युक्तिवाद असा की वेदान्तचे सूत्रधार अनिल अगरवाल भारतीय नागरिक आहेत, मग पैसा विदेशी कसा? न्यायालयाने तो मानला नाही. वेदान्त इंग्लंड-वेल्समध्ये नोंदलेली कंपनी आहे, तिच्याकडे निम्म्याहून अधिक भाग आहेत, म्हणून देणगी विदेशी स्रोताची, असा २८ मार्च २०१४ चा निकाल. सरकारने आणि निवडणूक आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी असा आदेश झाला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. एरवी कोणत्याही प्रश्नावर एकमत न होणाऱ्या दोन पक्षांची बाजू या प्रकरणात एकच होती. हे नोंदवून पुढे चल.

मूळ, उपखंड सहाचे परंतुक (वित्त अधिनियम, २०१६) : परंतु भागभांडवलाचे दर्शनी मूल्य विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखालील विदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेत असेल, तर देणगी देताना ते निम्म्याहून अधिक असले तरी अशी कंपनी विदेशी स्रोत नव्हे.

परंतुक म्हणजे नियमातून काही वेगळे काढणारे वाक्य. त्याने नियमाचा काही भाग शिल्लक ठेवला पाहिजे, अशी अपेक्षा असते. आता शब्द पाहा. 'भागभांडवलाचे दर्शनी मूल्य मर्यादेत असेल.' अक्षरशः वाचले तर अर्थ लागत नाही, कारण विदेशी गुंतवणुकीची मर्यादा सगळ्या भांडवलाला नसते, परकीयांच्या वाट्याला असते. म्हणून 'परकीयांकडे असलेला भाग' हे शब्द अध्याहृत धरावे लागतात. घाईत लिहिलेल्या मजकुराची ही खूण आहे.

मग काय उरते? दोन प्रकार करून पाहू. काही क्षेत्रांत गुंतवणुकीची मर्यादा निम्म्याहून कमी असते. तिथे कायदा पाळणारी कंपनी निम्मा टप्पा ओलांडूच शकत नाही, म्हणून उपखंड सहा तिला लागत नाही. दुसऱ्या क्षेत्रांत मर्यादा निम्म्याहून अधिक आहे. धातुखनिजाच्या खाणीत ती १०० टक्के आहे. तिथे टप्पा ओलांडला तरी परंतुक कंपनीला बाहेर काढते. याचा अर्थ उपखंड सहा आता फक्त त्याच कंपनीला लागतो जिने गुंतवणुकीची मर्यादा मोडली आहे, म्हणजे जी दुसऱ्या कायद्याखाली आधीच दोषी आहे. परंतुकाने नियमाचा भाग काढला नाही, नियमच काढला.

यावर पूर्वपक्ष असा : जी गुंतवणूक देश स्वतः बोलावतो ती कंपनी परकी कशी म्हणावी? हा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. गुंतवणुकीचा कायदा विचारतो, या कंपनीला इथे धंदा करू द्यावा का? अंशदानाचा कायदा विचारतो, इथल्या निवडणुकीत पैसा कोणाचा असावा? पहिल्याला होकार दिला म्हणून दुसऱ्याला होकार दिला असे होत नाही. अमेरिकेतही परकीय मालकीच्या स्थानिक कंपनीला वाट आहे, पण पैसा तिथेच मिळवलेला आणि निर्णय त्या देशाच्या नागरिकांचा असावा, या अटींवर. आपल्या परंतुकात अट नाही.

स्पष्टीकरण १ मात्र जिवंत आहे असे माझे वाचन आहे. लंडनच्या कंपनीने पैसा इथल्या उपकंपनीला दिला आणि तिने तो पक्षाला दिला, तर तो अजूनही विदेशी अंशदान ठरावा. उपकंपनीने स्वतःच्या नफ्यातून दिला तर परंतुक तिला वाचवते.

मूळ, परंतुकाचा प्रारंभ : '२६ सप्टेंबर २०१०' ऐवजी '५ ऑगस्ट १९७६' (वित्त अधिनियम, २०१८).

२०१६ मध्ये परंतुक आले ते २६ सप्टेंबर २०१० पासून लागू केले. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी दोन्ही पक्षांनी सर्वोच्च न्यायालयातली अपिले मागे घेतली. पण ज्या देणग्यांवर निकाल लागला होता त्या २०१० पूर्वीच्या, जुन्या कायद्याखालच्या. म्हणून तारीखच मागे नेली. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळात, चर्चेविना वित्त विधेयक संमत झाले, त्यात ही एक ओळ होती. वित्त विधेयक धनविधेयक असल्याने राज्यसभा फक्त शिफारस करू शकत होती.

या ओळीत एक अडचण आहे. जो कायदा २०१० मध्ये जन्मला त्यातली दुरुस्ती १९७६ पासून कशी लागू होईल? पूर्वलक्षी प्रभावाने नवी शिक्षा लादता येत नाही, हे राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) सांगतो. मागच्या कृत्याला माफी देता येते. म्हणून घटनेने हे सरळ अडवलेले नाही. पण प्रयोजन पाहा. ४२ वर्षे मागे जाणाऱ्या दुरुस्तीचा लाभ भविष्यातल्या कोणाला नाही. तो आधी घेतलेल्या देणग्यांनाच आहे.

याच काळात संस्थांच्या बाजूने काय घडले तेही शेजारी ठेव. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने विदेशी निधी घ्यायचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडायचे, प्रशासनावरचा खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणायचा, एका संस्थेने दुसरीला निधी द्यायचा नाही, असे बंधन आले. यातले खात्याचे आणि निधी पुढे देण्यावरचे बंधन ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थेला एकच कायदा आवळतो आणि निवडणूक लढवणाऱ्या पक्षाला सैल सोडतो. कलम ३ ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनाच ते सर्वांत कमी लागते, हा माझा या कायद्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

मूळ, कलम ३५ व ४० : उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने दखल घेऊ नये.

शिक्षा कडक आहे. पण कलम ४० तिच्या दारावर बसले आहे. केंद्रात सत्तेत असलेल्या पक्षाने स्वतःवरच्या खटल्याला मंजुरी द्यावी, असे हे कलम गृहीत धरते. २०१४ चा निकाल आणि नंतरच्या दोन दुरुस्त्या समोर असताना ते गृहीतक टिकत नाही. ही मंजुरी सरकारकडून काढून निवडणूक आयोगाकडे द्यावी आणि परंतुक स्वतंत्र विधेयकाने, चर्चा करून रद्द करावे, असे माझे मत आहे.

शेवटी एक काम तुझ्याकडे सोपवतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम २९ बी काढ. तेही पक्षांना विदेशी स्रोताकडून देणगी घ्यायला मनाई करते, आणि 'विदेशी स्रोत' म्हणजे काय यासाठी बोट दाखवते ते १९७६ च्या कायद्यातल्या व्याख्येकडे. एक वाचन असे की जुना कायदा रद्द होऊन नवा आला, म्हणून साधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ८ नुसार हा निर्देश नव्या व्याख्येकडे, परंतुकासह, वळतो. दुसरे वाचन असे की जुनी व्याख्या २९ बी मध्ये जशीच्या तशी सामावली गेली आहे, त्यामुळे निम्म्या भागांचा नियम तिथे परंतुकाविना शाबूत आहे. दोन्ही बाजूंचे निकाल वाच, मग लिही. कलम २९ बी च्या छापील मजकुरात आजही १९७६ चाच कायदा आहे.